चिंधीचं पानी

मी मूळची पिंपळीची, बारामतीच्या अंगची. बाप वांगी, गवार करायचा, आई पाटी डोक्यावर घिऊन बाजारला जायाची, आन मला दिली ती हितं, इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या कडंला. काय सांगू तुमाला, माहेरच्या हिरीचं पानी असं की तळाची सुई दिसावी, आन सासरी आले तर चहावानी पानी. घागर भरून ठिवली की सकाळपतूर खाली गाळ बसायचा. पर लगीन केलं मंजी पानीबी त्याच घरचं प्यायचं, न्हाय का.

दोन भाऊ हे. थोरले माजे भाया, आन धाकलं माजं मानूस. सासूला आमी आत्याबाई म्हनायचो. देश इंग्रजाच्या हातनं सुटल्यावर चार-पाच वर्सांनी वाटनी झाली, आन वाटनीत बांधावरनं शब्दाला शब्द लागला तसं दोगं भाऊ बोलायचेच थांबले. घर तेच, मधी भिंत घातली, आत्याबाई आमच्यात, ओटा मातूर दोगांचा एकच ऱ्हायला.

त्याच साली ह्यांच्या पायाला नारू निघाला. तुमी आताची मानसं, तुमाला नारू कुठला ठावं. पान्यातनं पोटात जातो आन पाय फोडून दोऱ्यावानी भाईर येतो, रोज काडीवर जरा जरा गुंडाळायचा, तुटला की पाय सुजून डेरा. अख्खा पावसाळा मानूस हातरुनावर. डाक्टर म्हनला गाळून प्या. मी दुहेरी फडक्यातनं गाळत व्हते की, पर ह्यांच्या मनात भ्या बसलं ते बसलंच, तांब्या तोंडाला लावायचा आन आत बघत बसायचा.

आन नेमकं तवाच माज्या जावंच्या भावानं पुन्यास्नं तिला फिल्टर आनला. पांढऱ्या चिनी मातीचा, खाली तोटी, आत मेनबत्तीवानी पांढरी नळी. आता पान्याचं भांडं कुठं ठिवत्यात, चुलीम्होरं, सैपाकघरात. तिनं ठिवला ओट्यावर! रस्त्यानं जानारा बघल म्हनून. आन पाय बरा झाल्यावर आमचं मानूस रानातनं आलं की माज्या दारावरनं म्होरं जायाचं, तितं ओट्यावर टेकायचं, आन जाऊबाई पेला भरून द्यायची. मी दारात तांब्या घिऊन उभी. रोज. जळले मी, व्हय, अंगाची लाही लाही झाली, आन का जळू नये? भाकरी माज्या हातची, कापडं धुयाची मी, पायाला पाला बांदला मी, आन पानी तिच्या हातचं? आन ती काय दिसायला बरी हाय असंबी न्हाय, नाक बगा की तिचं.

ह्यांला म्हनलं आपुन बी तसला आनू. म्हनले, ऊस जाऊ दे कारखान्याला, मग बगू. तवर काय मी तशीच जळत बसू? मग चावडीम्होरं ग्रामसेविका आली, तिनं तीन मडकी एकावर एक ठिवून दावली, वरच्यात कोळसा, मदल्यात वाळू, बुडाला बारीक भोकं, आन खालच्यात निवळशंख पानी. मला वाटलं देव पावला. तशीच कुंभाराकडं ग्येले, म्हनलं बाबा दोन मडक्यांच्या बुडाला भोकं पाडून दे. त्यानं चाकच थांबवलं. म्हनला, पोरी, मडक्याला भोक दगडानं पाडत्यात आन ते मसनवट्यात, माज्या दारात न्हाय. घरी आले तर आत्याबाईच्या कानावर आदीच ग्येलेलं. तिनं जे तोंड सोडलं, माजा ल्योक जित्ता हाय, आत्ता कुठं पायावर हुबा ऱ्हायलाय, आन तू त्येच्या उशाशी भोकाचं मडकं आनतीस? मी रडले हो. मी त्याच मानसासाठी जीव टाकत व्हते. आन भिंतीपल्याड जाऊबाई हसली. खुदकन. त्ये हसू मला भोकाच्या मडक्यापरीस जास्त लागलं.

मग काय झालं, एक दिस ह्यांचं धोतर घमेल्यात भिजत घातलं आन एक टोक कडंवरनं भाईर लोंबत ऱ्हायलं. सकाळी बघते तर घमेलं निम्मं रिकामं, आन खाली भुईवर पानी. वर गढूळ आन लोंबत्या टोकातनं थेंब गळतोय तो कसा, माज्या माहेरच्या हिरीवानी! मी धोतराच्या कापडाची चिंधी फाडली, उकळून घेतली, पाटावर एक मडकं, खाली एक मडकं, वरच्या पान्यात चिंधीचं एक टोक, दुसरं खाली सोडलं. भोक न्हाय, काय न्हाय. आत्याबाईनं दोनी मडक्यांची बुडं चाचपून बगितली आन आपल्या कामाला लागली. ठिबकायचं लई हळू, दिसभरात एक तांब्या भरायचा. म्हनलं भरू दे, मला गाव न्हाय पाजायचं, एका मानसाला पाजायचंय.

सांजंला ह्यांला दिलं. आत बगितलं, प्याले, म्हनले ब्येस हाय. माजा जीव भांड्यात पडला. आन दुसऱ्या दिशी? परत तितंच! ओट्यावर, तिच्या तोटीखाली! आले तसं मी तांब्या आपटला, म्हनलं आता काय कमी हाय, सांगा, तिच्या हाताला काय साखर लागलीया? मग खाली बगून म्हनले, अगं पानी तुजंच ग्वाड. पर तितं पेला हातात हाय तवर दादा शेजारी बसतोय. बोलत न्हाय, पर उठूनबी जात न्हाय.

मी जावंवर जळत व्हते आन मानूस भावाकडं जात व्हता. जावंसंगट भांडता येतं हो, भावाचा हेवा कसा करायचा?

म्होरल्या सांजंला मीच उठले, डोईवरनं पदर घेतला, तांब्या उचलला आन ओट्यावर तिच्या दाराम्होरं ग्येले. दोगं भाऊ बसलेले, मुकेच. जाऊबाई पेला भरून दारात. मी तिच्याम्होरनं जाऊन माज्या मानसाला माजं पानी दिलं. ते प्याले. आन भाया, ज्यांनी वाटनीपासनं तोंड उघडलं न्हवतं, त्यांनी ह्यांच्याकडं हात केला आन म्हनले, मलाबी दे रं घोटभर. ह्यांनी घाईनं तांब्या उचलला, थोडं सांडलं. दिलं. जाऊबाई पेला घिऊन तशीच हुबी. तिचं त्ये तोंड मी बगितलं, पोटभर बगितलं.

आता दोगं भाऊ न्हायत. आमी दोगी ऱ्हायलोय, भिंतीच्या अल्याड पल्याड, दोगींच्या घरात पानी साफ करायची यंत्रं बसली. परवा ती आली, पानी दिलं, प्याली आन म्हनती कशी, आमच्या यंत्राचं जरा जास्त ग्वाड लागतं. ऐकलं का! देवानं तिला भरपूर आयुष्य द्यावं, हातपाय धड ठिवावं. फकस्त माज्यापरीस एक दिस कमी.