शेजारची रिकामी जागा

(हिंगणघाट, १९७८. ज्युनियर कॉलेजचा व्हरांडा, मधली सुट्टी.)

सुलोचना : अन् वरून हातात सुई-दोरा! तिकडे अर्थशास्त्राच्या वर्गात माह्या शेजारची जागा रिकामी, अन् तू इथं गृहशास्त्रात बसून रुमालावर फुलं काढून राह्यली?

जयवंता : हळू बोल व सुले, बाई आत आहेत.

सुलोचना : असू दे. साऱ्या पोरायमंदी एकटी पोरगी मी. सरनं विचारलं, तुमची मैत्रीण कुठं हाय? म्हणलं, येतेच आता. तास सरला तरी दाराकडेच पाहून राह्यली होती मी, येड्यावानी.

जयवंता : मले जमलं नसतं ते अर्थशास्त्र.

सुलोचना : खोटं नको बोलू. दहावीले गणितात माह्याहून जास्त तुलेच होते. अन् बाबाची अट तुले माहीत होती. "जयवंता बसत असंन त तूही बस. पोरायच्या वर्गात एकटी नाई."

जयवंता : माहीत होती.

सुलोचना : मंग? आता घरी कळलं का माहं अर्थशास्त्र खतम. बँकेच्या परीक्षेचं पाहून राह्यली होती, तेही खतम. सख्ख्या बहिणीवानी समजत होती तुले. केसानं गळा कापला माहा!

जयवंता : मी नाई कापला.

सुलोचना : त कोनं? तुह्या घरचे आडवे आले?

जयवंता : आमच्या घरी त सारे खूश होते. जाऊ दे ना, सुले. नको विचारू.

सुलोचना : विचारीन. सांग.

जयवंता : रविवारी किसनकाका आलते आमच्याकडे.

सुलोचना : बाबा? कायले?

जयवंता : म्हणे, "सुलीले तोंडावर नाई म्हणवत नाई मले. रडंल, जेवनार नाई. तूच विषय बदलून घे पोरी, म्हंजे आपोआप मिटते."

सुलोचना : अन् तू ऐकलं!

जयवंता : हात जोडले व त्यायनं. माह्यापुढं! एवढा मोठा माणूस. मी काय करू? जाता जाता शपथ घातली, सुलीले सांगजो नको.

सुलोचना : रविवारीच आलते? नक्की?

जयवंता : हो. काऊन?

सुलोचना : काई नाई. सोमवारी अर्थशास्त्राच्या पुस्तकाले बाबानंच कव्हर घालून देलं. मी म्हणलं, राहू द्या, मी घालतो. त नाई म्हणे. वर माहं नावही त्यायनंच लिहिलं.