दारावरचे स्वीडिश ओरखडे

प्रबोधनकालीन महालाच्या मोठ्या दालनाबाहेर तिथली कर्मचारी गुद्रुन पाहुण्यांना लाकडी जमीन जपण्यासाठी बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता वाटत होती. रांगेतली दोन म्हातारी भावंडं तिच्यासमोरच कुजबुजत होती.

"लोथार, दारावरचे ओरखडे म्हणे सतराव्या शतकातल्या एका स्वीडिश सैनिकाच्या तलवारीचे. पाटीवर लिहिलंय."

"वाचलं, ताई."

"दुसऱ्या महायुद्धानंतर आपण निर्वासित इथे राहायचो, तेव्हा आपली लीझल शेळी याच दाराला शिंगं घासायची. सांगून टाकू?"

"वेडी आहेस का? लगेच रंधा मारून दार गुळगुळीत करतील. लीझलची तेवढीच खूण उरलीय."

म्हातारीची पाळी आली. गुद्रुनने सपाता पुढे केल्या.

"काही विचारायचंय, आजी?"

"त्या सैनिकाचं नाव पाटीवर नाही."

"ते कुणालाच माहीत नाही."

"लीझल."

"लिहून घेते," गुद्रुन म्हणाली.