टाकीला जागा

माझा जन्म मिठागरावरचा, डोंबिवलीच्या पलीकडे खाडीकाठाला. बाप मीठ ओढायचा, आई पाट्या वाहायची आणि मी बांधावर बसून मोटारीतून फिरायची स्वप्नं बघायची, हसू नका, लिहून घ्या हे. लग्न होऊन ठाण्याला खोपटच्या चाळीत आले. नवरा वागळे इस्टेटला फिटर, म्हणजे मोठा साहेब असणार असं मला वाटलेलं, आणि फिटर म्हणजे काय ते त्यांचे काळेकुट्ट कपडे धुवायला बसले तेव्हा कळलं.

तर काय सांगू तुम्हाला, कारखाना बंद पडला. हे घरात बसले, बोलेनात, जेवेनात. मग एक दिवस कुठल्याशा बंगल्यामागची जुनी मोटार ओढून आणली, कोंबड्या बसायच्या तिच्यात. म्हणाले, हिला टेम्पोचं डिझेलचं इंजिन घालतो, लग्नाच्या भाड्याला लावतो, घर चालेल. आणि मी बावळट, दुसऱ्याच दिवशी टेंभी नाक्यावर जाऊन गॉगल घेऊन आले. मोटारवालीला नको का? मोटारीला चाकं नव्हती अजून.

इंजिन बसलं हो, घोडं अडलं डिझेलच्या टाकीपाशी. नव्या इंजिनाच्या धुराचा पाइप नेमका टाकीच्या अंगाला लागून जायचा, तापायचा, म्हणजे टाकी हलवायलाच हवी. पण हलवायची कुठं? हे डोकं धरून बसलेले, आणि मी म्हटलं, गच्चीवर पाण्याची टाकी असते तशी टपावर ठेवा की. हे माझ्याकडे बघतच राहिले. गॉगल मी तेव्हा घरातच घातलेला.

शेवटी टाकी गेली डिकीत. डिझेलच्या इंजिनातून उरलेलं तेल परत टाकीत येतं, त्याला वेगळी नळी लागते, ती ह्यांनी जोडली, वर सामानासाठी फळी टाकली. आणि गाडी सुरू झाली, अख्खी चाळ बाहेर आली. हे त्या दिवशी जेवले, पोटभर जेवले.

पहिलं भाडं शेजारच्या कुसुमताईचं, तिच्या मुलीचं लग्न कल्याणला. नवरी मागं बसली आणि तिचे मामा डिकीत रुखवत भरायला लागले, करंज्या, अनारसे, विणलेले रुमाल, आणि वर पितळेची भांडी. हे म्हणाले, मामा, जड नका ठेवू, खाली नळी आहे. मामा म्हणाले, अहो, डिकी कशाला असते मग? पहिलंच गिऱ्हाईक, वाद कसा घालणार, ह्यांनी डिकी लावली. फळी वाकली, नळी तुटली, आणि कल्याणपर्यंत इंजिन तेल परत पाठवत राहिलं आणि ते तेल रुखवत पीत राहिलं.

मांडवात डिकी उघडली. नवरदेवाची आत्या पदर नाकाला लावून म्हणाली, काय गं बाई, नवरी पंपावरून आणली का? सगळे हसले. पोर रडायला लागली. कुसुमताई ह्यांना एवढंच म्हणाली, भाऊ, तुम्हाला मी काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं हो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर भाडं आलं नाही असं नाही, आलं, ह्यांनीच घेतलं नाही. म्हणाले, आधी टाकीला नीट जागा करतो. घर मी चालवलं, डबे करून. हे टाकी हलवत राहिले. सीटखाली नेली तर वासानं मळमळायचं, डाव्या अंगाला नेली तर दार लागेना, टपावरसुद्धा नेली, माझं ऐकून, काय दिसायची म्हणून सांगू! लोक विसरले, कुसुमताई विसरली, त्या पोरीला नातवंडं झाली. हे विसरले नाहीत.

आता चाळीची बिल्डिंग झाली, गाडी मागं भिंतीला उभी आहे, इंजिन कधीच गंजलं. हे ऐंशीच्या पुढचे, तरी सकाळी पाना घेऊन खाली. परवा हाक मारली, अगं ये, सापडली जागा. मी धरत धरत उतरले. बघते तर मागची सीट काढून फेकलेली आणि टाकी मधोमध, जिथं माणसं बसायची तिथं. म्हटलं, अहो, मग लोकांनी बसायचं कुठं? तर म्हणाले, आता कुणाला बसवायचंच नाही.

मी म्हटलं, छान बसलीय. दुसरं काय म्हणणार? वर आले, चहा टाकला.

तुमचं भलं होवो, तुम्ही इतकं ऐकून घेतलंत. जाताना मागून जाल तर ह्यांच्याशी बोला दोन शब्द, पण गाडी कधी चालू होणार, ते तेवढं विचारू नका.