काकांच्या बाजूचा मॉनिटर

नसीम : काका, टॉर्च वायरीवर धरा, माझ्या डोळ्यांत नको.

मच्छिंद्र : वायरीवरच हाय. तुम्हीच मधी येताय. आन् एवढं टेबलाच्या मागं शिरून करताय तरी काय?

नसीम : जोडतेय. मागच्या खेपेला तुमच्या तेजस्विनीच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलंत, मान धरली म्हणून. तेव्हा हा दुसरा मॉनिटर आणलाय. हा तुमचा, तो माझा.

मच्छिंद्र : मग माझ्यावर काळं का? तुमच्याचा उजेड तर भिंतीवर पडलाय.

नसीम : सिग्नल नाही म्हणतोय. थांबा... हां, केबल वर लागली. व्हिडिओचं कार्ड खाली आहे, दोन्ही मॉनिटर त्यालाच लावायचे असतात. अंधारात चुकलं. आता?

मच्छिंद्र : निळं आलं.

नसीम : आलं ना? बसा. चहा सांगू?

मच्छिंद्र : चहा पाजून काय टाळायचं असंल तर नको.

नसीम : कसब्यात चहा पाजून कुणी काही टाळत नाही काका. टाळायचं असलं की चहाच विचारत नाहीत.

मच्छिंद्र : बरं, सांगा मग. साखर कमी. आन् एक स्पष्ट विचारतो ताई. माझ्या व्याह्यांकडचं कोण इथं येऊन गेलं का?

नसीम : ते कशाला येतील?

मच्छिंद्र : त्यांची माणसं पुढं घ्या, आमची कापा, असं सांगायला. तुम्हाला काय, सगळी लग्नं सारखीच. पण वारज्यात हा व्हिडिओ आख्ख्या भावकीत फिरणार. ज्याचा फेटा दिसला नाय तो वर्षभर माझ्या दारात येऊन ऐकवणार. आमच्याकडच्या एकाचं पण डोकं उघडं नव्हतं त्या दिवशी. दारात टेबल टाकून मी स्वतः उभा होतो, माणूस आत आला की आधी फेटा.

नसीम : सगळे फेटे घेतलेत. बघा, हे दारातलंच. तुमच्या मॉनिटरवर मोठं चित्र येईल, माझ्याकडे बारके तुकडे. मी इथे कापणार, तुम्ही तिथे बघणार.

मच्छिंद्र : म्हंजी कापलेलं मला दिसणारच नाय.

नसीम : कापलेलं कुणालाच दिसत नाही. म्हणून तर कापतात.

मच्छिंद्र : त्यो बाण कुठं गेला तुमचा?

नसीम : तुमच्याकडे यायला हवा होता. कॉम्प्युटरला वाटतंय तुम्ही माझ्या डावीकडे बसलाय, म्हणून तो तिकडून जायला बघतोय.

मच्छिंद्र : मी तर उजवीकडं बसलोय.

नसीम : तेच सांगते त्याला. हं, आला. आता बघा शांतपणे. हे तुमचे चुलतभाऊ ना, सीताराम? आणि मागे टेबलावर हा एक फेटा घडी घालून तसाच पडलाय. शेवटपर्यंत पडलेला दिसतो. डोळ्याला खटकतोय, काढून टाकू का?

मच्छिंद्र : राहू द्या.

नसीम : नाही, काढता येईल. चित्र थोडं पुढे ओढलं की...

मच्छिंद्र : राहू द्या म्हटलं ना. फेटेवाल्यानं चुकून जास्तीचा आणला. त्यात काय बघायचंय? पुढं चला.

नसीम : चला पुढे. हे मंगलाष्टक.

मच्छिंद्र : थांबा. मागं घ्या. अजून मागं. ही आमची मुक्ताबाई आत्या, खुर्चीत बसलीय. तिच्याकडं कोणतरी येतंय. आन् एकदम तेजूच दिसाय लागली. मधली उडी कशी मारली?

नसीम : तिथे कॅमेरा हलला होता.

मच्छिंद्र : आत्ता तर हलला नव्हता.

नसीम : पुढे हलला असेल. रोज इतकी लग्नं बघते, प्रत्येक हलणं कुठे लक्षात ठेवू?

मच्छिंद्र : तुमच्या मॉनिटरवर बघू.

नसीम : माझ्याकडे नुसत्या पट्ट्या आहेत. तुम्हाला काही कळणार नाही.

मच्छिंद्र : पट्ट्याच हायत तर मग माझ्याकडं पाठ करून कशाला ठेवलाय? मी आल्यापासून बघतोय ताई. माझा मॉनिटर मोठा, चकचकीत, आन् तुमचा भिंतीकडं. हे मान धरली म्हणून नाय आणलं तुम्ही. मी तुमच्याकडं बघू नये म्हणून आणलंय.

नसीम : टेबल लहान आहे काका.

मच्छिंद्र : टेबल लहान हाय ते दिसतंय. दोन्हीकडं एकसारखं करा. तुम्हाला दिसंल ते मला दिसू द्या.

नसीम : तसं केलं तर काम करता येत नाही. चित्र बघू की तुकडे?

मच्छिंद्र : मग हार्ड डिस्क द्या माझी. मी खराडीला नेऊन करून घेतो, तिथं माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक जण हाय. माझ्या पोरीच्या लग्नातलं माणूस माझ्यापासून लपवणाऱ्याकडं मला काम ठेवायचं नाय.

नसीम : बसा हो. उठू नका, चहा सांडेल. करते एकसारखं. नवीन आहे, मलाही बटणं सापडत नाहीयेत. हे... नाही, थांबा, हे उलटं झालं. तुमचं माझ्याकडे आलं आणि माझं...

मच्छिंद्र : हे बारके बारके फोटो कसले?

नसीम : काही नाही, बाजूला काढलेलं आहे. हलत्या कॅमेऱ्याचं, जेवताना तोंड उघडं असलेल्यांचं. एक मिनिट, बंद करते.

मच्छिंद्र : हात काढा त्यावरनं. ती कोपऱ्यातली पाठ कुणाची हाय?

नसीम : काका...

मच्छिंद्र : उजवा खांदा पडलेला. शाळेत असताना बैलगाडीवरनं पडला होता. ती पाठ मला गर्दीत सुद्धा कळती. हा इथं काय करतोय?

नसीम : तुमचे थोरले बंधू. दत्तोबा.

मच्छिंद्र : नाव घेऊ नका. दोघांच्या नावावरची विहीर मला न विचारता बिल्डरला बुजवायला दिली त्यानं. त्याचं नाव माझ्या घरात निघत नाय. आन् हे खरं नाय. त्याला पत्रिका दिलीच नव्हती मी. मी दारात उभा होतो सकाळपासनं, माझ्यासमोरनं गेला नाय. आजकाल मशीनवर कुठलाही माणूस कुठंही बसवता येतो म्हणं. तेजूनं सांगितलं का तुम्हाला? काकाला बसवा आन् बापाला रडवा?

नसीम : बसवायचा असता तर दाखवला असता. मी तर काढत होते.

मच्छिंद्र : मग लावा. आवाजासकट.

(नसीम तो तुकडा लावते. मंगलाष्टकं ऐकू येतात.)

मच्छिंद्र : आत्याच्या पाया पडला.

नसीम : हं.

मच्छिंद्र : आत्या त्या दिवशी मला म्हणाली होती. बरं झालं, दत्तू पण आला. मी म्हटलं, गप बस, तुला कुठं दिसतंय काय. सगळ्यांपुढं म्हटलं. म्हातारी नंतर जेवली पण नाय धड.

नसीम : त्यांना बरोबर दिसलं होतं.

मच्छिंद्र : पण आत आला कुठनं?

नसीम : स्वयंपाकघराच्या दाराने. केटररची माणसं भांडी नेत होती, त्यांच्या मागून. आमच्या कॅमेरावाल्याला वाटलं, वाढप्यांपैकी कुणी असेल.

मच्छिंद्र : थोरला भाऊ. स्वयंपाकघराच्या दारानं.

नसीम : परवा ते इथे आले होते. तेजस्विनीकडून पत्ता घेतला. म्हणाले, मी कुठे दिसत असेन तर तेवढं काढा. बोलावलं नसताना आला, असं मच्छिंद्र म्हणेल. पोरीला कडेवर खेळवलंय, अक्षता टाकल्याशिवाय राहवलं नाही, टाकल्या आणि गेलो. तुम्हाला कळू देणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. तुम्ही मला खोटारडी ठरवलंत ते बरोबरच आहे, पण शब्द दिला होता.

मच्छिंद्र : जेवला का तो?

नसीम : मला नाही माहीत काका. अक्षता टाकून झाल्यावर कुठेच दिसत नाहीत.

मच्छिंद्र : परत लावा. तिथंच थांबवा. हां, तिथं.

नसीम : काय बघताय?

मच्छिंद्र : आख्ख्या मांडवात आमच्याकडचं एकच डोकं उघडं. त्याचं. आन् मी गावभर सांगत फिरतोय, एकाचं पण उघडं नव्हतं म्हणून. वाईट वाटतंय ताई मला. खोटं कशाला बोलू.

नसीम : चहा गार झाला. दुसरा सांगू?

मच्छिंद्र : नको. त्याला काढू नका यातनं. जिथं होता तिथं परत बसवा.

नसीम : आणि मी त्यांना काय सांगू? उद्या सकाळी ते येणार आहेत. काढलं का ते बघायला.

मच्छिंद्र : त्याला काय सांगू नका. मी येतो उद्या. त्याच्या आधी येऊन बसतो.

नसीम : काका, तुमची भावकी तुमच्यापाशी. माझ्या दुकानात आवाज चढता कामा नये. मॉनिटर नवा आहे.

मच्छिंद्र : आवाज कशाला चढंल. ह्यो माझा मॉनिटर उद्या त्याच्याकडं फिरवून ठेवा. त्याला लांबचं दिसत नाय.

नसीम : ठेवते. आणि तो टेबलावरचा फेटा? राहू द्यायचा ना चित्रात?

मच्छिंद्र : राहू द्या. फेटेवाल्याची चूक नव्हती ती. मीच एक जास्तीचा सांगितला होता. घरात तसाच पडलाय घडी घालून, उद्या येताना आणतो.