खिडकीजवळचं वळण

“वहिनीले कायले विचारतेस? तिले आपल्या घरचा मिक्सर लावता आला तरी खूप झालं.”

नणंद मैत्रिणीला हे हळूच सांगत होती आणि मी डोक्यावर घुंगट, हातात चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. लग्नाला वीस दिवस झाले होते. तोवर मी तिरोड्यातल्या या घरात फक्त ‘हो’ म्हटलं होतं.

दोघींनी फरशीवर काळी टेप चिकटवली होती. तिच्यावरून धावणारा रोबोट त्यांनीच बनवलेला, आणि उद्या गोंदियात शर्यत. पण खिडकीजवळच्या वळणावर तो दरवेळी टेप सोडून सोफ्याखाली शिरत होता. नणंद रडकुंडीला आली होती.

मला माझं पॉलिटेक्निक आठवलं. शर्यतीत माझाही रोबोट असाच उन्हाच्या पट्ट्यात भरकटला आणि थेट परीक्षकांच्या पायाशी जाऊन थांबला. मागून बाबा ओरडले, “पाया पडून राहिला का तुझा रोबोट?” अख्खा हॉल हसला. सगळ्यात जास्त मीच हसले होते. तो रोबोट अजून माहेरच्या कपाटात आहे.

मी ट्रे ठेवला आणि खिडकीचा पडदा ओढला. रोबोट वळण घेऊन गुमान पुढे गेला.

“मिक्सर मले खरंच लावता येत नाही,” मी म्हटलं. “पण याच्या सेन्सरले ऊन लागून राहिलं. काळा कागद आण, याले पण घुंगट घालू.”