बिनआवाजाचा कॅमेरा

(इंदूरमधल्या एका चर्चच्या मागचा हॉल. मुलांच्या उद्याच्या नाताळ कार्यक्रमाची तालीम संपून मुलं नुकतीच घरी गेली आहेत. हॉलमध्ये तिघंच उरलेत: शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चची मुलांसाठीची रविवारची शाळा, चालवणाऱ्या शारदाबाई, पेटी वाजवणारे कृष्णराव आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला संघदीप.)

शारदाबाई : बॅग राहू दे तिथंच. आधी सांग, तुला पाठवलं कुणी?

संघदीप : मावशी, किती वेळा सांगू? मुकुलनं. तुमचा दरवर्षीचा फोटोवाला. त्याला डेंगू झालाय, म्हणून तो बोलला, भिया, तीन दिवस तू सांभाळ.

शारदाबाई : मावशी म्हणायला मी तुझ्या आईची बहीण नाही. आणि मुकुलचा फोन लागत नाही.

संघदीप : अ‍ॅडमिट आहे ना तो, मॅडम. फोन कुठं पडला असेल त्याला पण माहीत नसेल.

कृष्णराव : डेंगूत माणसाला शुद्ध नसते हो, शारदाबाई. आमच्या साडूला झाला होता. बायकोला म्हणाला, सिस्टर, ही बाई कोण?

शारदाबाई : कृष्णराव, तुम्ही पेटी झाका. हं, तू सांग रे. काल आल्या आल्या मला काय म्हणालास? हात जोडून, अगदी गोड आवाजात?

संघदीप : जय मसीह की.

शारदाबाई : कुठून पाठ केलंस?

संघदीप : तुमच्यात तेच म्हणतात ना?

शारदाबाई : हिंदी चर्चच्या मंडळीत म्हणतात. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं सलाम म्हणतो, पार माझ्या पणजीपासून. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा कुणीतरी शिकवून पाठवलेला आहे.

संघदीप : कोणी नाही शिकवलं. यूट्यूबवर पाहिलं. हसू नका ना काका! मी महूचा आहे, मॅडम. आजोबा पलटणीत होते. आमच्या घरी जय भीम म्हणतात, माझ्या तोंडात तेच बसलंय. म्हटलं चर्चमधे चालतं की नाही, खामखा गडबड नको.

शारदाबाई : म्हणजे आल्या पावली सोंग.

संघदीप : सोंग काय त्यात? मी तर रिस्पेक्टमधे बोललो.

शारदाबाई : आणि या कॅमेऱ्याला आवाज का नाही? मुकुलचा कसा खटखट वाजतो, लख्ख उजेड पडतो. चार माणसांना कळतं की फोटो निघाला. तू आपला बाकांच्या मागं जमिनीवर पालथा! मला वाटलं, ह्याचं काही हरवलंय.

संघदीप : मुलांच्या उंचीला यावं लागतं ना. उभं राहून काढलं तर नुसते भांग दिसतात. आणि आवाज मी बंद ठेवतो, फ्लॅश पण. एकदा उजेड पडला की सगळी पोरं दात काढून उभी. मला कॅन्डिड पाहिजे होते. मतलब, मुलाला कळलंच नाही पाहिजे की त्याचा फोटो कोणी काढतोय.

शारदाबाई : ऐकलंत, कृष्णराव? स्वतःच्या तोंडानं बोलला.

कृष्णराव : बोलला खरा.

संघदीप : अरे, ही फोटोग्राफीची पद्धत आहे! एक दिवस आधीपासून येऊन बसायचं, म्हणजे पोरं कॅमेऱ्याला विसरतात. मग नाटक सुरू नसताना काढायचे. पंख लावताना, पाणी पिताना, पडद्यामागं भांडताना.

शारदाबाई : म्हणून पडद्यामागं घुसलास?

संघदीप : घुसलो नाही, काकांना विचारून गेलो.

कृष्णराव : विचारलं होतं हो त्यानं. मी सूर लावत होतो, मान हलवली. ती सुरासाठी हलवली का त्याच्यासाठी, ते आता आठवत नाही.

शारदाबाई : बरं. मुलांची नावं कशाला विचारत होतास?

संघदीप : नावानं हाक मारली की पोरगं सैल पडतं. 'ए मेंढपाळ' म्हटलं की अकडून उभं राहतं.

शारदाबाई : आणि काल संत्रागोळ्या वाटल्यास.

संघदीप : त्यात पण प्रॉब्लेम? दोस्ती करायला वाटल्या. सगळीकडं वाटतो मी, बर्थडेला, मुंजीला.

शारदाबाई : मुंजीत वाट की पोतंभर. इथं गोळी वाटली तर तिला काय नाव पडतं, ठाऊक आहे? प्रलोभन. लालच देऊन धर्मांतरासाठी पोरं गोळा केली म्हणतील. तू निघून जाशील आपल्या गाडीवर. फाटकात उभं करतील ते मला.

संघदीप : गोळीसाठी?

कृष्णराव : तुला माहीत नाही, बाळ. गेल्या नाताळात असाच एक जण आला होता. चांगला दिसायला, तुझ्यासारखाच. मागं उभा राहून मोबाइलवर काढत होता. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी मामा असेल.

शारदाबाई : दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ घरोघरी फिरत होता, वर वाट्टेल ते लिहून. संध्याकाळी फाटकाशी ही गर्दी. पोरं आत, बाहेर आरडाओरडा. मग पोलीस आले आणि मुलांनाच विचारायला लागले, तुला इथं कुणी आणलं, काय दिलं? ती काय सांगणार? म्हणाली, टीचरनी मुकुट दिला.

कृष्णराव : कागदाचा.

शारदाबाई : काही निघालं नाही त्यातून. पण निम्मी मुलं गेली ती गेलीच. यंदा पुन्हा काही झालं तर शब्बाथ शाळा बंद, असं मंडळीनं ठरवलंय. कायमची बंद. म्हणून म्हणते, ते फोटो पूस. सगळे. माझ्यासमोर.

संघदीप : सगळे?

शारदाबाई : तन्वीचे तर आधी. देवदूत झालीय ना, ती. तिचे आईबाप आमच्या मंडळीतले नाहीत. मागच्या गल्लीत राहतात, दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीला जातात. पोरीला गाण्याचं वेड म्हणून आई पाठवते. पंखसुद्धा आईनंच शिवलेत. त्या पंखातल्या पोरीचा फोटो बाहेर गेला तर त्या बाईला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

संघदीप : पुसतो. आत्ता पुसतो. पण आधी मला पण एक विचारायचंय. बुरा नका मानू.

शारदाबाई : विचार.

संघदीप : तुम्ही मुलांना मारता का?

कृष्णराव : अरे ए!

शारदाबाई : काय म्हणालास?

संघदीप : काल घरी जाऊन पाहिले फोटो, तेव्हापासून डोक्यात आहे. आज आल्यापासून मुद्दाम तेच बघत होतो. तुम्हाला माझ्यावर शक आहे ना, तसा मला पण तुमच्यावर आहे. हे घ्या, बघा. हा मेंढपाळ. तोंडानं गातोय, पण डोळे बघा.

शारदाबाई : चष्मा... थांब. हं. बाजूला बघतोय.

संघदीप : आता पुढचा. योसेफ बनलाय तो. आता ही मरिया, बाळाला गव्हाणीत ठेवतेय आणि बघतेय कुठं? बाळाकडं नाही. हे तिघे राजे. सगळे एकाच बाजूला.

कृष्णराव : दाराकडं.

संघदीप : दारात कोण उभं होतं, काका?

कृष्णराव : शारदाबाई.

संघदीप : तेच तर. अशी लहान पोरं गाताना टीचरकडं घाबरून का बघतात? मी पुष्कळ शाळांमधे फोटो काढलेत, मॅडम. असे डोळे कळतात मला.

शारदाबाई : मी आजवर एका मुलाच्या अंगाला बोट लावलेलं नाही.

संघदीप : मग?

कृष्णराव : सांगा त्याला, शारदाबाई. सांगूनच टाका.

शारदाबाई : माझ्याकडं नाही बघत ती. माझ्या हाताकडं बघतात. गेल्या वर्षापासून दारात मी उभी असते. बाहेर कुणी अनोळखी दिसलं तर मी हात वर करायचा. हात वर झाला की गाणं बंद, पंख-मुकुट बाकाखाली, आणि सगळ्यांनी चित्रकलेच्या वह्या काढून बसायचं. शिकवलंय मी त्यांना. रोज तालमीआधी एकदा करून घेते.

संघदीप : रोज?

कृष्णराव : गाण्यात चुकतात रे पोरं. यात एकदाही नाही चुकली.

शारदाबाई : दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पिणारच ना माणूस? भीती वाटते मला. रोज वाटते. मुलांना काही होऊ नये एवढंच डोक्यात असतं. वाटलं होतं, भीती माझ्यापाशी ठेवीन, त्यांना फक्त सावध करीन.

संघदीप : सॉरी, मॅडम. मी उलटाच विचार केला.

शारदाबाई : तू कशाला सॉरी म्हणतोस? पुढं कर. अजून आहेत ना?

संघदीप : आहेत. हे पण तसेच. हा पण. हा... हा जरा वेगळा आहे.

कृष्णराव : बघू. अरेच्चा! ही तन्वी? काय खदाखदा हसतेय! आणि योसेफाची दाढी त्या राजानं लावलीय!

संघदीप : पंख पण उलटा लागलाय तिचा. आणि हा मेंढपाळ बघा, गाता गाता पार डोळे मिटलेत. हे सात-आठ एकदम भारी आले.

शारदाबाई : हे आजचे?

संघदीप : आजचेच.

शारदाबाई : मला कसं दिसलं नाही हे? मी तर सारा वेळ इथंच होते.

संघदीप : नव्हता, मॅडम. मधे मुकुलला फोन लावायला तुम्ही बाहेर गेला होता ना. तेव्हाचे आहेत.

कृष्णराव : शारदाबाई, पाणी देऊ का?

शारदाबाई : नको. पुन्हा दाखव तो तन्वीचा. मोठा कर. दात पडलाय की तिचा पुढचा! मला माहीतच नाही.

संघदीप : पुसू?

शारदाबाई : नको पुसू. तिच्या आईला दे, दुसऱ्या कुणाला नाही. स्टेटसला-बिटसला लावलास तर बघ.

संघदीप : नाही लावत. आईची कसम. उद्या फोटो झाले की कार्डच तुमच्या हातात देतो, घरी पण नाही नेणार.

शारदाबाई : बरं. कृष्णराव, उद्या मी आत येणार नाही. बाहेर फाटकाशी खुर्ची टाकून बसते. कोणी आलंच तर तिथंच बोलेन त्याच्याशी. दार लावून घ्या तुम्ही. मुलांना सांगा, टीचर बाहेर आहे, हात-बीत काही बघायचा नाही, वह्या घरी ठेवून या.

कृष्णराव : आणि कार्यक्रम? सगळं तुम्ही बसवलंत, शारदाबाई. गाणी तुमची, संवाद तुमचे. आणि तुम्हीच बघणार नाही?

शारदाबाई : गाणं फाटकापर्यंत ऐकू येतं मला. चेहरे तेवढे ह्याला आणू दे.