विशालाक्षीबाईंचं वेगळं बिऱ्हाड

आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष चंद्रमौलीराव, तिरुभुवनम्‌हून वेळात वेळ काढून आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती विजयराघवराव आणि सौ. विशालाक्षीबाई, आणि कुंभकोणमच्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

निरोपाचं भाषण करताना गळा दाटून यावा अशी अपेक्षा असते. माझा काही दाटत नाही. मी, राजेश्वरी, आज फार खुशीत आहे. का, ते सांगते.

आम्ही पाच जोडपी. नोकऱ्या संपलेल्या, मुलं दूरदेशी. म्हातारपणी एकटं राहायचं नाही म्हणून तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेवर एक मोठं घर घेतलं. एक स्वयंपाकघर, एक पंगत. विजयराघवराव त्या घराचा कणाच झाले. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, पंप बिघडलाय, बोलवा राघवरावांना! पण विशालाक्षीबाईंच्या वाट्याला त्यांचा नवरा किती येतो, हे आम्ही कुणी कधी विचारलं? त्या दोघांचा आवाज जरा चढला, की आम्ही आठहीजण समजूत घालायला दारात हजर.

एके दुपारी पंगतीत वाढता वाढता बाईंनी सांबाराचं भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला माझ्या नवऱ्याशी भांडायचंय. मधे कुणी येऊ नका."

आमचे हे, कृष्णमूर्ती, लगेच मधे आले! "वहिनी, काय झालं ते सगळ्यांना सांगा. बसून सोडवू."

"हेच तर झालंय," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात स्वामीमलैला दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्या निघून गेल्या. राघवराव गेले नाहीत. "इथलं कोण बघणार?" म्हणाले. पण अन्न जाईना त्यांना. आणि आम्ही काय केलं? सभा भरवली, ठराव केला, आणि आठहीजण बसनं स्वामीमलैला!

बाईंनी आम्हाला बसवलं, कॉफी दिली. "कॉफी प्या आणि जा," म्हणाल्या. "त्यांना यायचं तर एकट्यानं यावं."

ते गेले. एकटे. पुढचं मला बाईंनीच सांगितलंय, आणि आज सांगायची परवानगीही दिलीय. राघवराव दारात उभे राहून म्हणाले, "सगळे म्हणताहेत, तू परत यावंस."

"सगळे राहू द्या. तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या. मग म्हणाले, "मला तुझ्याशिवाय करमत नाही गं."

बाईंनी त्यांना आत घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पोटभर भांडल्या. शेजारी मूर्तिकारांची ठोकाठोक चाललेली, कुणाला शब्द ऐकू गेला नाही. राघवराव परतले ते स्वामीमलैला न्यायचं आपलं सामान बांधायलाच.

घर मोडेल, असं आम्हाला वाटलं होतं. मोडलं नाही! आता प्रत्येक जोडप्याची चूल वेगळी, पंगत फक्त शुक्रवारी. गेल्या शुक्रवारी हे दोघं पाहुणे म्हणून आले होते. इतक्या वर्षांत त्या पंगतीत एवढं हसू मी ऐकलं नव्हतं.

मंडळी, सत्तरीच्या उंबरठ्यावर एक बाई आपला नवरा आम्हा सगळ्यांकडून जिंकून घेऊन चालली आहे. टाळ्या जोरात वाजवा!

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आमच्या तोंडची मराठी अर्धी तमिळ झालेली; एखादा शब्द वाकडा गेला असेल तर तुम्हीच तो सरळ करून घरी न्या. नमस्कार.